मधल्या दरवाज्याची वायर

मी मूळचा लोणी काळभोरचा. हायवेच्या कडंला घर, दारातनं दिवसभर ट्रक जायचे, आणि ट्रक म्हणलं की आधी बिघडते ती वायरिंग, इंजिन नंतर. शाळेत माझं मन लागलं न्हाई, खोटं कशाला बोलू, नववीत सोडली आणि घरासमोरच्याच गॅरेजात जाऊन बसायला लागलो. तिथं एक उस्ताद व्हते, केसाएवढी बारीक तार दातानं सोलायचे, ते म्हणायचे, दत्ता, वायरमनचं काम दिसलं की समजायचं वायरमन कच्चा. तेवढं एक वाक्य मी धरून बसलो. माझ्या हातनं झालेल्या गाडीत वायर शोधून दाखवा ताई, मी चहा पाजतो. छताच्या कापडाआडनं, दरवाज्याच्या रबराखालनं, कुठनं आली आणि कुठं गेली कळायचं न्हाई. लई घमेंड व्हती मला त्याची. अजून हाय थोडी, जात न्हाई.

धायरीला आलो तो दाजींमुळं. दाजी म्हंजी माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक. उस्ताद गेले, गॅरेज बंद पडलं, मी घरी बसून, आणि घरी बसलेल्या गड्याला भाकरी कशी वाढतात ते काय सांगू तुम्हाला. दाजी एक दिवस लोणीला आले, जेवले, हात धुतले आणि म्हणले, दत्ता, आमच्या घरापुढं पत्र्याची शेड हाय, गुरं आता राहिली न्हाईत, तिथं तुझं टेबल टाक. झालं, एवढंच बोलणं. अठरा वर्षं झाली त्याला, भाडं कधी मागितलं न्हाई की उपकार बोलून दाखवला न्हाई. तुमची गाडी होईपतोर तुम्ही बसलाय ना, ती खुर्चीसुद्धा त्यांच्याच घरातली हाय.

दाजींची व्हॅन व्हती, जुनी, पांढरी. धायरीतल्या सात बायका कोथरूडला पोळ्या करायला जातात, कुणी चार घरं धरलेली, कुणी मेसमध्ये, त्यांना पहाटं घेऊन जायचं आणि दुपारी आणायचं हे दाजींचं काम. पाण्याच्या टाकीपाशी साडेपाचला सगळ्या जमायच्या. दाजी खाली उभं राहून चहा घ्यायचे, बायका मागं बसायच्या, शेवटची जी चढंल ती सरकता दरवाजा ओढून घ्यायची, मग दाजी आपल्या जागेवर बसायचे आणि निघायचे. आता त्या मधल्या दरवाज्याची खोड अशी, की तो अर्ध्यावरच अडकायचा. बघणाऱ्याला वाटायचं लागला, आणि लागलेला नसायचा. खटका बदलला, ग्रीस घातलं, तरी तेच. मग मीच डोकं चालवलं. पार शेवटाला, दरवाजा पुरता बसला तरच दाबलं जाईल असं एक बटण बसवलं आणि त्याची वायर छताच्या दिव्याला नेली, ड्रायव्हरच्या दरवाज्याची तिथं आधीपासनं व्हतीच. दरवाजा जरा जरी उघडा असंल तर दिवा जळतच राहणार. दाजींना म्हणलं, आरशात बघा, दिवा विझला की गियर टाका, तोवर न्हाई. दाजी शब्दाचे पक्के, पाच वर्षं त्यांनी दिवा विझल्याबिगर गाडी हलवली न्हाई. बायका हसायच्या त्यांना, म्हणायच्या, बाळूभाऊ देवाला नमस्कार करत न्हाईत एवढा दिव्याला करतात.

मधी मग ते पट्ट्यांचं खूळ आलं. एलईडीच्या पट्ट्या हो, चिकटवायच्या. एकेक पोरगं यायचं, काका, पायापाशी निळा पाहिजे, छताला जांभळा पाहिजे. म्हणलं, बाळा, गाडी हाय का लग्नाचा हॉल. पण काम यायला लागलं, मी करायला लागलो, आणि करायचं तर मग चोख. एका गाडीत असा उजेड पाडला की पट्टी दिसायची न्हाई, नुसता उजेड दिसायचा. आक्कानं ते बघितलं. ती म्हणली, आमच्या ह्यांच्या गाडीत बायका अंधारात बसतात, शकूमावशी तर गाडीतच वेणी घालते चाचपडत. मी म्हणलं, आक्का, यंदा भाऊबीजेला साडी न्हाई, ओवाळणीत तुझी गाडी उजळून देतो.

तर भाऊबीजेचा दिवस. सकाळीच मी कामाला लागलो, गाडी गल्लीत भिंतीला लागून उभी, मधल्या दरवाज्याची बाजू भिंतीकडं. पट्टीला नवी लाईन फ्यूजपासनं आणायची हे शहाणपणाचं काम, अर्धा-पाऊण तास जास्त लागतो. मी म्हणलं, कशाला, छताच्या दिव्याला करंट आलेलाच हाय, तिथनंच घेऊ. छताचं कापड खाली घेतलं, दिवा मोकळा केला, आणि पट्टीच्या जोडाला जागा व्हावी म्हणून मधल्या दरवाज्याची वायर सोडवून बाजूला वाकवली. परत जोडायचीच व्हती. तेवढ्यात आक्काची हाक, दत्ता, ये की रे, ताट कधीचं करून बसलीय, तुला भूक न्हाई का. गेलो. पाटावर बसलो, तिनं ओवाळलं, करंजी भरवली, जेवण झालं, पान खाल्लं. परत आलो, पट्टी जोडली, कापड चढवलं, क्लिपा दाबल्या. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला, दिवा लागला. बंद केला, विझला. पट्टीचं बटण दाबलं, गाडी अशी उजळली की गल्लीतली पोरं गोळा झाली. मधला दरवाजा उघडून बघितलाच न्हाई मी. गाडी भिंतीला व्हती, पुढं घ्यायला लागली असती, चार हात. चार हात गाडी पुढं घेतली न्हाई मी.

तुमच्या ध्यानात येतंय का काय झालं ते? आता मधला दरवाजा सताड उघडा असला तरी छताचा दिवा त्याला ओळखत नव्हता. तो फक्त दाजींचा दरवाजा ओळखत व्हता. दाजी बसायचे, आपला दरवाजा लावायचे, दिवा विझायचा, दाजी निघायचे. पट्टीच्या झगमगाटात बायका चढताना छताचा दिवा लागत न्हाई हे कुणाच्या ध्यानात येणार? कोथरूडात उतरेपतोर उजाडलेलं असायचं, तिथं दाजी मान वळवून बघायचे. महिनाभर सगळ्यांनी माझं कौतुक केलं. शकूमावशीनं मला मुद्दाम गुळाच्या पोळ्या धाडल्या, का तर दत्तामुळं आता भांग सरळ पडतो.

आणि थंडीत एका पहाटं, पुलाच्या वळणावर, तो दरवाजा सरकला. मावशी दारापाशीच व्हती, मांडीवर पिशवी, हातात फणी. बाहेर फेकली गेली. जीव वाचला, पण उजवा हात खाली आला, कोपरापासनं मनगटापतोर हाडाचा चुरा. दोनदा ऑपरेशन केलं, आत स्टीलच्या पट्ट्या टाकल्या, हात दिसायला हात हाय, पण लाटणं धरता येत न्हाई. तीस वर्षं त्या हातावर तिनं घर चालवलं, दोन पोरी उजवल्या. तिच्या पोळीची कोथरूडात माणसं वाट बघायची हो.

दाजी चौकीवर एकच सांगत व्हते, साहेब, दिवा विझला होता, मी बघितला होता. हवालदार म्हणला, दिव्याचं काय सांगता आजोबा, दरवाजा बघायचा असतो. पंधरा दिवसांनी गाडी चौकीतनं सुटून आली आणि दाजी ती सरळ माझ्याकडं घेऊन आले. म्हणले, दत्ता, बघ रे जरा, मला काही समजंना झालंय. मी म्हणलं, तुम्ही चहा घेऊन या, मी बघतो. कापड खाली घेतलं. वायर मी वाकवली तशीच व्हती, वाकलेली, टोकाला तांबं चकचकीत, माझ्याच दातांचे वळ तिच्यावर.

आता ऐका, ताई, इसरलो ही चूक झाली, चूक माणसाकडनं होते. पण नंतर जे केलं ती चूक नव्हती. मी ती वायर जोडली. टेप मारला, टेपवर जरा धूळ चोळली जुना दिसावा म्हणून, कापड चढवलं. दाजी आले. त्यांच्यापुढं मधला दरवाजा उघडला, दिवा लागला, ढकलला, विझला. परत उघडला, परत लागला. आणि ह्या तोंडानं म्हणलं, बघा दाजी, चालू हाय की. दाजी तिथंच पायरीवर बसले. म्हणले, म्हंजी मी बघितलंच न्हाई. मला नुसतं वाटलं बघितलं म्हणून. आणि माझ्याकडं बघून म्हणले, तुला गाडी उगीच खोलायला लावली रे. माझं काम दिसत न्हाई, ही माझी घमेंड. त्या दिवशी खरंच दिसलं न्हाई.

गाडी विकली, ते सगळं मावशीच्या दवाखान्याला घातलं. दाजी कोथरूडात एका सोसायटीच्या गेटवर बसायला लागले. गाडी परत चालवली न्हाई. पण खरं सांगू, त्याचं एवढं न्हाई, माणूस आतनं गेला त्याचं हाय. घरातनं निघताना कुलूप चार-चारदा ओढून बघायचे. गॅस बंद केला का आक्काला विचारायचे, स्वतः जाऊन बघायचे, आणि बघून आल्यावर परत विचारायचे. म्हणायचे, माझ्या डोळ्यांचा मला भरवसा न्हाई. त्यांच्याच शेडमध्ये बसून मी हे ऐकायचो, कान मिटता येत न्हाईत माणसाला. कितीदा ठरवलं सांगू म्हणून. तोंड उघडायचं आणि भलतंच बोलायचो, दाजी, ऊन लई हाय आज. भित्रा माणूस मी. दुसरा शब्द न्हाई त्याला.

यंदाच्या भाऊबीजेला आक्का ओवाळत व्हती. दाजी बाहेरच्या खोलीतनं म्हणले, अगं, दार लावलंय का? ती म्हणली, लावलंय. जरा वेळानं परत, दार लावलंय का बघ गं. तिसऱ्यांदा विचारलं तशी आक्का चिडली, ताट हातात तसंच, म्हणली, तुमच्या डोळ्याला काय झालंय हो, तेव्हा बघायचं ते बघितलं न्हाई आणि आता जन्मभर बघत बसा. ती तसं कधी तोंडावर बोलली नव्हती. आणि मी पाटावर, कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी, म्हणलं, आक्का, त्यांनी बघितलं होतं. वायर मी सोडली होती.

सगळं सांगितलं. टेपवर धूळ चोळली तेपण. अर्ध्यावर ओवाळणं टाकायचं न्हाई म्हणून आक्कानं उरलेलं पुरं केलं, ताट खाली ठेवलं आणि आत गेली ती मी निघेपतोर बाहेर आली न्हाई. दाजी उठून दारात आले. मला वाटलं मारतील, मला ते हवं पण व्हतं. ते म्हणले, दत्ता, म्हंजी दिवा विझला होता ना? मी म्हणलं, विझला होता दाजी. मी बघितला होता ना? बघितला होता. तीनदा विचारलं तेच. आणि मग लहान पोरागत रडायला लागले आणि म्हणले, मला येड लागलंय असं वाटत व्हतं रे. शिवी न्हाई, काही न्हाई. शिवी दिली असती तर मी घेऊन घरी गेलो असतो. ते रडणं मला कुठं ठेवावं कळत न्हाई.

दुसऱ्या दिवशी मावशीकडं गेलो, एकटाच. डाव्या हातानं भाजी निवडत व्हती. सगळं ऐकलं, हात थांबवला न्हाई. मी म्हणलं, मावशी, माफी मागायचं तोंड न्हाई मला. ती म्हणली, मग मागू नकोस. आणि जरा वेळानं म्हणली, तीन वर्षं मी रोज सकाळी उठून बाळूला शिव्या घातल्या रे, त्याच्या पोराबाळांसकट घातल्या, त्या आता परत कशा घेऊ? त्याला घेऊन ये माझ्याकडं. तू दारात थांब.

गेल्या रविवारी नेलं. माझी गाडी घेतली. दाजी म्हणले, किल्ली दे, मी चालवतो. तीन वर्षांनी बसले जागेवर. मी बाजूला बसलो, आक्का मागं बसली. आक्का माझ्याशी अजून बोलत न्हाई, पण आली. दरवाजे लागले, छताचा दिवा विझला, मी बघितलं. दाजींनी वर बघितलंच न्हाई. खाली उतरले, गाडीला फेरी मारून एकेक दरवाजा हातानं ओढून बघितला, माझ्या बाजूचापण, मग बसले आणि गियर टाकला. दोनदा न्हाई, एकदाच ओढला बरं का. म्हंजी डोळ्यांवरचा भरवसा त्यांचा परत आला. माझ्यावरचा गेला. बरोबर हाय त्यांचं. मी मावशीच्या दारात थांबलो, आत काय बोलले मला ठाऊक न्हाई.

शेड अजून त्यांचीच हाय, मी अजून हितंच बसतो, त्यांनी ऊठ म्हणलं न्हाई. म्हणतील तवा उठंन. तुमच्या गाडीचं झालंय, दिवा बघितला मी, चारी दरवाजे उघडून बघितले. तरी पण निघताना हातानं ओढून बघा, ताई. मी सांगतो म्हणून ऐकू नका, दिवा सांगतो म्हणूनपण ऐकू नका. जावा, देव तुमचं बरं करो, सावकाश जावा.