बाबांनी कॉम्प्युटर ऐकून घेतला

तुम्ही रॅम किती, प्रोसेसर कुठला ते विचारत बसता ना? आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर बाबांनी कानाने निवडला. खोटं नाही सांगत!

मला घरबसल्या लग्नपत्रिका टाइप करायचं काम मिळत होतं, फक्त कॉम्प्युटर स्वतःचा हवा होता. बजेट वीस हजार, वर एक रुपया नाही. बाबा गिरणीत मशिनं दुरुस्त करायचे. संपात ते काम गेलं, मग भोईवाड्यात वॉचमन झाले. कॉम्प्युटर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, तरी म्हणाले, "मीय येतंय."

ग्रँट रोडच्या दुकानात रेडिओ वाजत होता. तिथे आमच्या पैशांत बसणारा एकच होता. तो सुरू झाला तशी मी हरखून ओरडलेच, "हाच!"

बाबांनी वाकून त्या डब्याला कान लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गे, ह्येचो पंखो घासता हा."

दुकानदार हसला. "काका, कोरा माल आहे."

"मग उघडून दाखवा."

त्याने स्क्रू काढले. आतला पंखा खरंच एका वायरीला घासत होता, वायर अर्धी सोललेली! चार दिवसांत जळलाच असता.

दुकानदाराने त्याच पैशांत दुसरा, महागातला आणला. बाबांनी तोही ऐकला आणि मान डोलावली. मी तर नाचायचीच बाकी होते!

आम्ही निघालो, तर दुकानदार मागून म्हणाला, "काका, हे दोन उद्या गिऱ्हाइकाकडे जायचेत. जरा ऐकून सांगता?"

बाबांनी ऐटीत खुर्ची ओढली. "आधी तो रेडिओ बंद करा."