अकरा शिट्ट्या

काकू : अकरा! अकरा शिट्ट्या झाल्या बाई. मी बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून मोजल्या.

काका : एकही झाली नाही.

दुकानवाली : थांबा. काकू म्हणतात अकरा, काका म्हणतात एकही नाही. मग जुन्या कुकरची शिट्टी बिघडली होती की नव्हती?

काकू : शिट्टीला काय धाड भरलीय! बावीस वर्षं वापरला, कधी कुरकुर नाही. हे आत ओट्यापाशीच होते, म्हटलं करतील बंद. कसलं काय! पाणी आटून बूड काळंठिक्कर, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, बटाट्यांचा कोळसा आणि घरभर धूर.

काका : बटाटे चारच होते.

काकू : हो का? मग बरंच झालं म्हणायचं!

दुकानवाली : असू दे, झालं ते झालं. नवीन बघू. घरात माणसं किती?

काकू : आम्ही दोघंच. लेक तिच्या घरी.

दुकानवाली : मग तीन लिटर पुरे. आता झाकण आतलं की बाहेरचं? स्टील की ॲल्युमिनियम? नुसता गॅसवर की इंडक्शनवरही चालणारा? हा उभा, हा पसरट, हा पोटाला गोल. याचं बूड जाड, याचं तिहेरी.

काकू : अगं, दमानं घे! माझं डोकं गरगरायला लागलं. आमच्या वेळी कुकर म्हणजे कुकर. अहो, तुम्हीच सांगा. लावणार तुम्ही.

दुकानवाली : कुकर काका लावतात?

काकू : रिटायर झाल्यापासून. शाळेत शिपाई होते. चौतीस वर्षं घंटा दिली, एक दिवस मिनिटाची चूक नाही. घरी बसल्यावर मात्र नुसते भिंतीकडे बघत राहायचे. मग मीच म्हटलं, दोन्ही वेळचा कुकर तुमचा. तेव्हापासून मला हात लावू देत नाहीत. पण परवाचं ऐकून लेक भडकलीय. म्हणते, बाबांनी आता गॅसपाशी फिरकायचं नाही.

काका : आणि मग मी दिवसभर करायचं काय? परत भिंत बघायची?

काकू : मी कुठं म्हटलं तसं? ती म्हणाली.

काका : तू गप्प बसलीस ना पण.

दुकानवाली : काका, हा घ्या. याची शिट्टी तिसऱ्या मजल्यावर ऐकू येते.

काका : नको.

दुकानवाली : मग हा? याचा आवाज अगदी बेताचा. झोपलेलं बाळ उठायचं नाही.

काका : तो तर नकोच.

काकू : मोठी नको, बारीक नको! अहो, शिट्टी हवी तरी कशी तुम्हाला?

काका : दिसणारी.

काकू : काय?

काका : म्हणजे ते आपलं... वर काहीतरी येतं ना, लाल. शेजारच्यांकडे पाहिलंय मी.

दुकानवाली : हां, खुंटीवाला! आहे ना. आत वाफ भरली की ही लाल खुंटी वर येते. मग आच बारीक करायची आणि घड्याळ लावायचं. पण काका, खरं सांगू? ज्यांना शिट्ट्या मोजायची सवय, त्यांचा यानं गोंधळ उडतो. परत आणून देतात लोक.

काकू : ऐका. नसती थेरं कशाला? झेपेल ते घ्यावं.

काका : मला हाच हवा.

काकू : पण का?

काका : आवडला.

काकू : कुकर आवडला! मी आवडते हे सांगायला दोन वर्षं लावली होतीत, आणि कुकर दोन मिनिटांत?

दुकानवाली : असं करू. शेगडीवर हा मोठ्या शिट्टीचा लावून दाखवते, पाणी घालून. काका, तुम्ही तोवर खुंटीवाल्याचा कागद वाचा. मग ठरवा.

(काका दुकानाच्या दाराशी उजेडात, शेगडीकडे पाठ करून, कागद वाचत उभे. थोडा वेळ जातो.)

काकू : अगं आई गं! काळीज हललं माझं! केवढ्यानं वाजते ही!

दुकानवाली : सांगितलं नव्हतं? ही घ्या, दुसरी. काका, कसा वाटला आवाज? काका? अहो काका!

काकू : अहो, ती विचारतेय! आता काय दंड धरून हलवू?

काका : काय गं? हलवतेस काय? हं, लावलास का कुकर? होऊ दे शिट्टी, बघू.

दुकानवाली : झाली की, काका. दोन झाल्या.

काका : ...लक्ष कागदात होतं माझं.

काकू : दारातलं कुत्रं उठून पळालं, आणि तुमचं लक्ष कागदात?

दुकानवाली : मी... मी जरा मागून खोकं घेऊन येते.

काकू : इकडे बघा. माझ्याकडे. कधीपासून?

काका : किनरे, चिरके आवाजच ऐकू येत नाहीत फक्त. शिट्टी, दारावरची बेल, चिमण्या. तुझं बोलणं कळतं, समोर असलीस की.

काकू : कधीपासून, विचारतेय मी.

काका : शाळेतलं शेवटचं वर्ष असेल. घंटा कानाशीच टांगलेली ना.

काकू : आणि मी जड पिशव्या घेऊन दाराबाहेर उभी. बेल दाबून दाबून बोट दुखायचं, आणि तुम्हाला कुंभकर्ण म्हणायची. पण मग इतके दिवस कुकर कसा लावलात?

काका : बघून. शिट्टी उचलली जाते, वाफ सुटते. नजर हलवायची नाही. एक, दोन, तीन, बंद. परवा चष्म्यावर वाफ बसली. पुसायला घेतला तर काडीचा स्क्रू पडला. खाली बसून तोच शोधत होतो.

काकू : आणि डोक्यावर अकरा शिट्ट्या! देवा! मला वाटायचं, हौसेनं उभे राहतात कुकरपाशी.

काका : हौस होतीच की.

काकू : मला सांगायचं तरी.

काका : सांगितलं असतं तर कुकर काढून घेतला असतास. आता लेकीला कळलं की संपलंच. एवढं एकच काम आहे गं माझ्याकडे.

काकू : दुकानात रडवू नका मला. सोमवारी कान दाखवायला जायचं. नाही म्हणायचं नाही.

काका : येतो. पण कुकर?

काकू : तुमचाच. घंटा काय कानांनी देत होतात? घड्याळ बघूनच ना? तसंच हे. अगं ए, तो खुंटीवालाच दे बांधून!

दुकानवाली : बांधलाय, काकू. आणि तुमच्या पिशवीत फोन वाजतोय.

काका : फोन वाजतोय?

काकू : लेकीचा आहे. हं, बोल गं. दुकानातच आहोत. हो, घेतला. नाही, बाबांची काही चूक नव्हती. कुकरच जुना झाला होता, शिट्टी अडकून बसलेली... नाही गं, एकही नाही झाली. मी बाहेरच तर बसले होते मशीनवर. झाली असती तर मला ऐकू आली नसती का?