घरचा वाफा

दारू पीत असतं ना, तर एवढा ताप नसता हो! दारुड्याला निदान सांगता येतं, बाबा सोड आता. पन आमचं मालक… कसं सांगू तुमाला… इचार करत्यात! हसू नका, खरं सांगते. आमच्या लोणी गावात समदी गेणभाऊ, गेणभाऊ म्हनून मान देत्यात (मी काय नाव घ्यायची नाय!), आन् ह्या वयात ह्ये असलं येसन! मानूस वाईट नाय हो, पन इचार करतंय, त्याला मी काय करू?

आता झालं काय, आमच्याकडं ज्याच्या त्याच्या रानात वाफे दोन. एक मोठा, बाजाराचा. त्याला सांजच्याला औषिद मारायचं, सकाळी तोडा, फ्लावरचा गड्डा कसा पांढराफेक! दुसरा इहिरीच्या कडंला, घरचा. त्याला औषिदाचा थेंब नाय. गड्डा बारका, पानांची पार चाळन झालेली, पन आमच्या चुलीवर त्योच शिजनार. साऱ्या गावाची रीतच हाय ती! कुनाची झोप उडली का कधी?

तर आमी जेवत व्हतो आन् जयाचा फोन. जया म्हंजे आमची लेक, दिली हाय हडपसरला, पोटुशी हाय. फोन स्पीकरवर. "आई गं, आज खाली टेम्पोवर काय मस्त फ्लावर मिळाला! टेम्पोवाला म्हणाला लोणीचा माल, मी म्हटलं माहेरचाच की! पराठे केले, दोन खाल्ले!" झालं! ह्यांचा घास हातातच. मी म्हनलं, काय वो, मिरची लागली का? तर मलाच इचारत्यात, "सोने, गिऱ्हाईक म्हंजे कोन गं?" जेवताना इचारायची गोष्ट हाय का ही? गिऱ्हाईक म्हंजे गिऱ्हाईक, पुन्याकडची लोकं! "आन् जया कुठं ऱ्हाती?"… हडपसरला, पुन्यातच की! मी आपलं कालवन वाढलं.

तवापासनं ह्यांना ना जेवन, ना झोप. सप्त्याला म्हाराज आले व्हते, त्यांना जाऊन धरलं. म्हाराज डोळं मिटून म्हनत्यात, "गेणभाऊ, हे सारं देव करवतो!" ह्ये म्हनले, "न्हाई म्हाराज, पंप माझ्या पाठीवर असतो." औषिदाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हनला, "भाऊ, डब्यावर लिव्हलंय की, फवारल्यावर थोडं दिस थांबा म्हनून. पन थांबतंय कोन?" शेजारचा दादाभाऊ तर बांधावर बसून फिदीफिदी हसतोय, "गेणभाऊ, मोक्ष पायजे का बाजारभाव, एक कायतरी ठरवा राव!" मानूस वाईट नाय हो, पन ठरवलं की त्यानं! पंप उचलला, माळ्यावर टाकला. "सोने, आजपासनं वाफा एकच. आपन खानार त्येच इकनार!"

आता आळ्यांना काय आवतान लागतंय व्हय? आल्या की समद्या, लेकराबाळांसकट! बाजारात आडत्यानं गड्डा उलटा केला आन् म्हनला, "भाऊ, ह्ये गुरांना घाला." दुसरा कुनी असता तर गपगुमान घरी आला असता. ह्यांनी गावातल्या संपतचा टेम्पो केला, मला म्हनले बस, आन् थेट जयाच्या बिल्डिंगीखाली! जावायाच्या दारात इकायला बसलो वो! लाजंनं मी पदर पार नाकावर घेतला. एक ताई आली, गड्डा हातात घेतला आन् किंचाळलीच, "ईऽऽ! काका, यात आळी आहे!" ह्ये लगीच, "व्हय ताई, जित्ती हाय! मेलेली पायजे तर त्या पल्याडच्या टेम्पोवर बघा!"

आरडाओरडा ऐकून जया खाली आली, कमरंवर हात ठिवून. "आप्पा, काय हे? लोक बघतायत!" तर ह्यांनी मान खाली घातली. म्हनले, "जये, तू पराठं केलंस ना, त्यो गड्डा माझ्या हातचाबी आसंल. फवारताना मला तुजं तोंड आठवलं नाय गं." पोरगी टेम्पोपाशी आली. मग तिनं हुडकून हुडकून सगळ्यात किडका गड्डा उचलला आन् छातीशी धरला. खोटं कशाला बोलू, मला रडूच फुटलं. ती किंचाळलेली ताई परत आली, तिनंबी एक घेतला, लांबनं, पिशवीत घालून!

बाकी टेम्पो भरून परत घरी. आता सकाळी फ्लावर, सांजच्याला फ्लावर. आन् मालक? पोटभर जेवत्यात, आडवं झालं की घोरत्यात! आन् मिठाच्या पान्यात गड्डे बुडवून आळ्या येचतंय कोन? मी! काल मी म्हनलं, बसा माझ्या शेजारी आन् येचा, इचार काय बसल्या बसल्याबी करता येतो. तर बसले बिचारे. एक आळी बोटावर घेतली, किती येळ बघत बसले, आन् म्हनत्यात, "सोने, हिच्यामुळं माजी झोप परत आली. हिला मारायची का गं?"

झालं! लागला परत इचार! तिथनं उठले ते तडक इहिरीकडं, आन् समद्या आळ्या नेऊन घरच्या वाफ्यात सोडल्या. वाफा एकच म्हनले व्हते ना? परत दोन झाले वो, एक मानसांचा, एक आळ्यांचा! मानूस वाईट नाय हो… पन दोन्ही वाफ्यांना पानी मीच देते!