गेटपासून बसपर्यंत

माझा जन्म आवडी नावाच्या उपनगरातला, म्हणजे चेन्नईचाच म्हणा. अप्पा सांगलीहून इथल्या कारखान्यात लागले आणि युनियनमध्ये पडले, तेव्हा आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली, जेवणं झाली की आई आणि मी घड्या घालत बसायचो. अप्पांचा एकच नियम, काय सांगू तुम्हाला, अजून कानात आहे. शिफ्ट सुटली की कामगार गेटवर कागद घेतो आणि बसपर्यंत चालता चालता वाचतो, तेवढ्यात वाचून झालं पाहिजे आणि कळलंही पाहिजे, नाहीतर त्या कागदाने तो बसायची सीट पुसतो.

मी एम.एस्सी. झाले, सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये लागले, आई खूश. पण मला लिहायचं होतं, विज्ञानावरच लिहायचं होतं, म्हणून ते सोडलं आणि अण्णा नगरच्या एका मासिकात विज्ञानाचं पान घेतलं. आई म्हणाली, लोक विचारतात मुलगी काय करते, मी काय सांगू?

मग ते पाणी आलं. एका कंपनीचं यंत्र, म्हणे चुंबकातून गेलेलं पाणी प्यालं की साखर उतरते. संपादकांनी कंपनीचाच मजकूर पुढे ठेवला, म्हणाले, बातमी म्हणून घे, खाली तुझं नाव. मी म्हटलं, वर जाहिरात असं छापा, मग घेते. ते हसले, अम्मा, ही युनियनची मीटिंग नाही. घरी आले तर अप्पांच्या खात्यातले मुरुगेशन मामा बसलेले, हातात त्याच पाण्याची बाटली, म्हणाले, गोळ्या बंद केल्या, अंग हलकं वाटतंय. मी हबकलेच. नाही म्हटलं तर नोकरी जाणार, हो म्हटलं तर असे किती मामा.

नाही म्हटलं. नोकरी गेली. मग एका कागदाच्या एकाच बाजूला तमिळमध्ये पत्रक लिहिलं, चुंबकाने साखर उतरत नाही, औषध थांबवलं तर काय होतं, सगळं. अप्पा ते वाचत गेटपासून चालायला लागले, मी मागे. अर्ध्या वाटेत ते थांबले आणि समोरून बस निघून गेली. म्हणाले, हा इन्सुलिनचा परिच्छेद बस चुकवण्याइतका गरजेचा आहे का? तिथेच खोडला.

शिफ्ट सुटताना ते पत्रक गेटवर वाटलं. मुरुगेशन मामांनी बसच्या दारात उभं राहून वाचलं आणि म्हणाले, एन्नम्मा, काय गं हे, मला घाबरवलंस, आता जायचं कुणाकडे ते कुठे लिहिलंयस? खरंच नव्हतं लिहिलं. मामांना मीच सरकारी दवाखान्यात नेलं, आणि पुढच्या छपाईत ती ओळ सगळ्यात वर घातली.

ते पत्रक फिरत फिरत एका तमिळ दैनिकात पोचलं, त्यांनी विचारलं, असं दर रविवारी लिहाल का. तेच लिहिते आता. सिरुसेरीएवढा पगार नाही, पण कंपनीचा मजकूर कुणी पुढे सरकवत नाही. आईला तमिळ वाचता येत नाही, तरी पेपर शेजारच्या मामींना नेऊन दाखवते, हे आमच्या पोरीचं.

अप्पा निवृत्त झाले, तरी लेख घेऊन गेटपाशी जातात आणि बसपर्यंत चालतात. गुडघे धरलेत त्यांचे, चाल मंदावलीय, त्यामुळे मला चार ओळी जास्त मिळतात. आम्ही देव मानत नाही, पण लिहून घ्या, ते असेच चालत राहोत.