योएलच्या गाडीचं तेल

अरे बाबा, सिंथेटिक असो नाहीतर सोन्याचं असो, पातळ तेल मला नको — ठेव ते मागे. मला ते जाड दे, वीस-पन्नास, साधं, खालच्या फळीवर असतं ते. चेलो असता ना, तर मी दारात दिसल्याबरोबर त्याने बाटली काढून ठेवली असती, तोंड उघडायला लागलं नसतं. तो बसलाय न्यूयॉर्कला पोरीकडे, थंडीत कुडकुडत, आणि दुकान पडलं तुझ्या गळ्यात. तू कुठला? साल्सेदोचा? हां, मग तुला काय माहीत मी कोण ते. मी लेओकादिया, पुलापलीकडे निळं दार आहे ना, ते माझं. नाही, गाडी नाही आणलेली, चालत आले. मोटरसायकल घरात आहे, पुढच्या खोलीत — सगळ्यांचीच असते, त्यात हसायचं काय? तुमच्या साल्सेदोत रात्रभर रस्त्यावर ठेवतात का? मोठे साधू चोर दिसतात तुमच्याकडे.

फिल्टर कशाला काढतोस? ह्या गाडीला कागदी फिल्टर नसतो रे, आत नुसती जाळी असते, ती मी पेट्रोलने धुते. हो, मीच — का, बायकांच्या हातांना तेल चिकटत नाही? खालचा नट सोडायचा, घमेल्यात गळू द्यायचं, पुसायचं, नट परत बसवायचा. आणि हो, त्या नटाला लागतो तो तांब्याचा वायसर दे एक, जुनाच परत लावला की थेंब थेंब गळतं आणि माझी फरशी काळी होते. नरसाळं आहे. पाना आहे, म्हाताऱ्याचा, माझ्या नवऱ्याचा — आमचा लिबोरिओ मेकॅनिकच होता, पुलाजवळ चिंचेखाली बसायचा. मग अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लाकूड झाली. पण कान बघ कसे! गाडी कोपऱ्यावर वळायच्या आधी सांगतो कुणाची ते. ही पाववाल्याची, ही त्या नर्सबाईची, तिला म्हणावं वॉल्व ढिला झालाय. त्याच्या ह्या कानांपायीच तर जाड तेल लागतं मला. मागच्या खेपेला चेलोकडचं संपलं होतं, मी म्हटलं तेल ते तेल, आणि नेलं पातळ. तर इंजिन जरा खडखडायला लागलं — जरासंच, तुला-मला कळलंही नसतं. म्हातारा म्हणाला, दारात कोण आलाय? हा आपला योएल नाही. आणि तोंड फिरवलं भिंतीकडे. जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी तेल बदलून आणलं तेव्हा कुठे घास घेतला.

योएल म्हणजे मुलगा माझा. एकच. सवाऱ्या ने-आण करायचा ह्याच गाडीवर. — किती किलोमीटर झाले? तुला काय करायचंय? हां, तेल देताना विचारतात, बरोबर आहे तुझं. नाही झाले. चाक फिरतच नाही तर होणार कुठून? संध्याकाळ झाली की मी दार उघडते, गाडी सुरू करते, थोडी गुरगुरू देते, बंद करते. मग चपला फरफटत दोन-चार पावलं टाकते, तो टाकायचा तशी, आणि आत जाऊन सांगते — आला हो पोरगा, अंग धुतोय. की म्हातारा आ करतो. भात-राजमा असो, उकडलेला युक्काचा कंद असो, गपचूप जेवतो. मग मी म्हणते, दमला, झोपला. सकाळी म्हणते, पहाटेच गेला. रोज नवी थाप कुठून आणायची? पण त्याने एकदाही म्हटलं नाही, त्याला आत पाठव. का म्हणत नाही, हे मी त्याला विचारत नाही. असा बघू नकोस माझ्याकडे, अख्खी गल्ली सामील आहे ह्यात.

गुड फ्रायडेला समुद्रात जाऊ नको म्हटलं होतं मी. त्या दिवशी पाण्यात उतरलं की माणसाचा मासा होतो, माझी आई सांगायची, मीही सांगितलं. हसला. म्हणाला, मासा झालो तर तळू नकोस म्हणजे झालं. गाडी वाळूत उभी सापडली, कपडे सीटवर नीट ठेवलेले. पोरांनी ती ढकलत आणली, सुरू न करता, म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून — तिथूनच सुरू झालं हे, कुणी काही ठरवलं नव्हतं. गेलेल्यासाठी करतात ती नऊ दिवसांची प्रार्थना बहिणीच्या घरी केली, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी तिथे रडायची, तोंड धुवायची आणि दिवेलागणीला घरी यायची, गाडी सुरू करायला. सुतकाचं काळं घातलं नाही मी. पोटचा पोरगा गेला आणि ही बघ मी, फुलाफुलांच्या झग्यात हिंडते. मला काय हौस आहे होय रे?

काल दुपारी तेल काढून टाकलं. म्हटलं लगेच येऊन नवं नेते — येते तर काय, दुकानाला कुलूप. कुठे गेला होतास तू? जाऊ दे. संध्याकाळ झाली, लाइट गेलेली, आणि गाडी कोरडी. कोरडं इंजिन चालवलं तर जाम होतं, मग कायमचंच गप्प. मी ताट घेऊन बाहेर उभी, थाप जुळवतेय — नागुआला सवारी घेऊन गेलाय, टायर फुटलाय. आत गेले. तर म्हातारा पलंगाच्या पार त्या कडेला, भिंतीला चिकटलेला. अरे, मी कूस बदलून दिल्याशिवाय जो माणूस बोटभर हलत नाही, तो सरकला होता! अर्धी गादी मोकळी करून दिलेली, आणि त्या मोकळ्या गादीवर आपल्या अंगावरची चादर घातलेली. मी तोंड उघडलं तर डावा हात वर केला. म्हणाला, हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. दमलाय पोहून.

पोहून म्हणाला. समुद्राचं मी कधी बोलले नाही त्याच्यापाशी. कुणीच नाही.

हात लावून बघितलं का म्हणतोस? नाही. ओली लागली असती गादी, तर? आणि कोरडी लागली असती, तर? म्हातारा जेवला, न सांगता, आणि अर्धं ताट ठेवायला लावलं — तो उठल्यावर खाईल म्हणे. मी झाकून ठेवलं. सकाळी झाकण काही उचललं नाही, तशीच आले इकडे. खरं सांगू? भीती नाही वाटली मला. राग आला. रोज दार मी उघडायचं, वाट मी बघायची, आणि हा जाऊन झोपतो बापाशेजारी. मला एकदा हाक मारायला काय झालं होतं रे त्याला?

हो, वायसर हाच. किती झाले सगळ्याचे? — थांब. थांब जरा, पिशवीत नको घालू. आज संध्याकाळी हे तेल घालून मी गाडी सुरू करणार, बरोबर? आणि तो आत झोपलेला असला तर? एवढ्या आवाजाने उठेलच की. उठला की तो घरात थांबायचा नाही, कधी थांबलाय?

नको. नको मला तेल. वायसरही नको, घे, सगळं परत घे. चेलोचा फोन आला तर सांग, लेओकादिया येऊन गेली, काही घेतलं नाही. बघतोस काय? फळीवर ठेव ना ती बाटली. — अरे, आपटतोस काय! हळू. हळू ठेव.