चौकडीच्या पट्टीची गाठ

मी, बाजारगल्लीत खानावळवाल्या ताई म्हणून ओळखली जाणारी, वय ५४ वर्षे, धंदा खानावळ, राहणार खानावळीच्याच माडीवर, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी धाकट्या भावासह राहते. त्याला गल्लीत बारक्या म्हणतात. तो टेम्पो चालवतो. आई गेली तेव्हा तो नुकता शाळेत जायला लागला होता. पुढे मीच त्याला तळहाताच्या फोडासारखा जपला.

खानावळीतला ओला कचरा, म्हणजे साली, देठे, ताटातले उष्टे, मी वेगळा काढते. त्यात प्लास्टिकचा कपटाही जाऊ देत नाही. कामाच्या पोरी मला खडूस म्हणतात, म्हणोत. पोत्याचे तोंड मी टेबलांवरच्या जुन्या चौकडीच्या कापडाच्या पट्टीने बांधते. ही पोती मी पूर्वी ओढ्याकाठच्या रोपवाटिकेवाल्या काकांना खतासाठी देत असे. रोज पोती सोडून सोडून ते माझी पट्टी लांबूनही ओळखत.

बारक्याने टेम्पो घेतला तेव्हा मी दुकानोदुकानी जाऊन त्याच्यासाठी शब्द टाकला. बेकरीवाला, समोरचे हॉटेल, कोपऱ्यावरचे विम्याचे ऑफिस, सगळ्यांनी माझ्या भरवशावर कचरा न्यायचे काम त्याला दिले. काही दिवसांनी तो मला म्हणाला, "ताई, काकांना आता तुझा कचरा नकोय. वास येतो म्हणाले. तुझी पोतीही मी खत प्रकल्पावर नेतो." मला ते फार लागले. मी काकांशी बोलणे टाकले. रस्त्यात दिसले तर मान फिरवायची.

गेल्या आठवड्यात ओढ्यावरच्या पुलाखालची मोरी कचऱ्याच्या पोत्यांनी तुंबली आणि पाणी रोपवाटिकेत शिरले. काकांची सगळी रोपे गेली. दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या गर्दीत काका आले, गल्ल्यावर माझी चौकडीची पट्टी ठेवली, ओली, आणि म्हणाले, "बाई, राग होता तर मला चार शिव्या घालायच्या. रोपांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?" मी म्हणाले, "कचरा नको तुम्हीच म्हणालात ना?" ते म्हणाले, "मी? अहो, ताईंची दुसरीकडे सोय झाली असं तुमचा भाऊच सांगून गेला." आत काहीतरी करपल्याचा वास येत होता, तरी मला उठवेना.

त्याच दुपारी मी बारक्याला स्वयंपाकघरात विचारले. आधी त्याने कानांवर हात ठेवले. मग म्हणाला, "प्रकल्प लांब आहे गं, अर्धा दिवस मोडतो. तू अंगावर घे ना. तुझं नाव चांगलं आहे, तुला कोण काय करणार? माझा टेम्पो जाईल." मी त्याला जेवायला वाढले. खरे सांगते साहेब, अंगावर घ्यायचे ठरवूनच मी आज घरातून निघाले. खानावळीचा परवाना गेला असता तरी सोसले असते.

इथे आल्यावर मला समजले की बारक्याचा जबाब आधीच झाला आहे. 'ताईच्या सांगण्यावरून टाकले, सगळी पोती तिनेच बांधून दिली,' असे त्यात आहे. मी ते पुन्हा वाचायला लावले. मी आपणहून अंगावर घेणार होते हो, त्याने मला न सांगताच माझा केसाने गळा कापला.

नंतर मला आवारातली पोती दाखवण्यात आली. साली-देठांची पोती माझी आहेत, ती मी ओळखली. बाकीच्यांत कागदी कप, थर्माकोल, प्रिंटरच्या शाईच्या डब्या, म्हणजे ऑफिसचा कचरा आहे. तीही माझ्याच पट्ट्यांनी बांधलेली आहेत. दोरी संपली म्हणून बारक्या पट्ट्या मागायला आला होता. मीच कौतुकाने गठ्ठाभर फाडून दिल्या.

परंतु त्या पोत्यांवरच्या गाठी माझ्या नाहीत. लहानपणी पायरीवर समोर बसवून मी बारक्याला बुटाची नाडी बांधायला शिकवली. समोरून बघून शिकला, म्हणून त्याचा फास उलट्या बाजूला पडतो. मी तो कधी सुधारला नाही, मला गोड वाटायचे. हवालदारांसमोर मी माझी गाठ बांधून दाखवली आहे. साली-देठांच्या पोत्यांवर तीच आहे. ऑफिसच्या प्रत्येक पोत्यावर बारक्याची आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली सांगत नाही.

जबाब वाचून झाल्यावर मी सांगितल्यावरून पुढील मजकूर वाढवला आहे. पोती बघून आत येताना भाऊ बाहेर बाकावर बसलेला दिसला. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. त्याने पाय थोडा पुढे केला. मी वाकले नाही.

एवढे घालून जबाब मला पुन्हा वाचून दाखवला. मी सांगितले तसेच उतरले आहे, बरोबर आहे.