काकांचा राहिलेला चहा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले बंदर अधीक्षक साहेब, व्यासपीठावर बसलेले कामगार संघाचे चिटणीस आणि इतर मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते पायलटकाका, त्यांच्या शेजारी बसायला तयार नसलेल्या आणि तरीही बसवलेल्या काकू, आणि समोरच्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी बंदराच्या टेलिफोनवर बसणारी बाई. समोरचा माणूस दिसत असताना बोलायची मला सवय नाही. त्यामुळे आवाज मध्येच बसला तर लाइन खराब आहे असं समजावं.

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी आधी सांगते, काका विमानाचे पायलट नव्हेत. माझ्या भाचीने वर्गात तसं सांगून बराच भाव खाल्ला होता. आपल्या खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत, ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. त्यांच्यामधून जहाज खोल पाण्यापर्यंत नेऊन सोडायचं, मग दोरशिडीने खालच्या छोट्या होडीत उतरायचं आणि परत यायचं. येणारं जहाज तसंच आत आणायचं. उभा जन्म काकांनी हेच केलं. असा माणूस पलीकडच्या तीरावर जायच्या फेरीबोटीत मात्र खिशात लिंबू घेऊन बसतो. काकू, हसू नका, तुम्हीच सांगितलंत मला.

काकांच्या शिस्तीबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी चहाबद्दल बोलणार आहे.

जुन्या मंडळींना आठवत असेल, लढाईच्या आधी पायलट उतरला की जहाज एक लांब भोंगा द्यायचं. घरातल्या घरात कळायचं, गेलं आपलं माणूस. लढाई सुरू झाली आणि भोंगे बंद झाले. दिवे बंद झाले. जहाज कधी सुटणार हे खलाशाच्या बायकोलाही सांगायचं नाही, असा हुकूम निघाला. माणसं पिशवी उचलून कामावर जावीत तशी जायची, आणि मागे घरची माणसं नुसती कान लावून बसायची. जहाज धक्क्यालाच आहे की बाहेर पडलं, कुणाला विचारणार?

काकांच्या तोंडालाही कुलूपच होतं. पण रिवाज असा की बाहेर जाणाऱ्या जहाजावर पायलट उतरायच्या आधी स्वयंपाकी त्याला चहा देतो. काका परत आले की आमच्या आळीत यायचे, त्या जहाजावरच्या माणसांच्या घरी जाऊन टेकायचे. घरातली बाई चहा ठेवायला उठली की म्हणायचे, "नको, झालाय." बस, एवढंच. ते ऐकलं की बाईने समजायचं. मग ते जहाज परत येईपर्यंत काका त्या घरी चहा घेत नसत. जहाज सुखरूप आलं, की त्याच खुर्चीवर बसून दोन दोन कप प्यायचे. त्यांनी हे कुणाला ठरवून सांगितलं नव्हतं. अध्यक्षसाहेब, लढाई संपून पुष्कळ वर्षं झाली, आता यावर चौकशी लावू नका.

माझा दादा अशाच एका जहाजावर स्वयंपाकी होता. साखरेचा हात सैल. निघताना आईला म्हणाला, "पायलटकाकांना असा चहा पाजतो की महिनाभर दुसरीकडे नाव काढणार नाहीत." त्या दिवशी संध्याकाळी काका आले. आईने पातेल्यात पाणी घातलं होतं.

"नको वहिनी, झालाय."

आईने पातेलं खाली उतरवलं. मग तिने विचारलं, "साखर जास्त होती का हो, भाऊजी?"

"जास्तच होती," काका म्हणाले. आणि आई हसली.

दादाची आमच्यापर्यंत आलेली शेवटची बातमी ही. पुढे कंपनीचा माणूस आला, टोपी हातात धरून दारातच उभा राहिला, संपर्क तुटला आहे म्हणाला. कुठे, कसं, कुणी बुडवलं, काही नाही. जमिनीवर गेलेल्या माणसाची निदान जागा असते. आम्ही कुठल्या दिशेला तोंड करून रडायचं होतं?

त्या वर्षांत कितीतरी जहाजं गेली. काका त्या सगळ्या घरी जात राहिले. बसायचे, पाणी प्यायचे, उठायचे. हळूहळू एकेका घराने त्यांना चहा दिला. कुणी मुलीच्या लग्नात दिला. एका म्हाताऱ्या बापाने एरवीच्याच एका दिवशी कपबशी पुढे सरकवली. चहा दिला म्हणजे त्या घराने काय मान्य केलं, हे आळीत वेगळं सांगावं लागत नसे. आमच्या घराने तो दिला नाही.

लग्नानंतर माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. आल्या पाहुण्याला साधा चहा नाही म्हणजे काय, म्हणून त्याने स्वतः करून काकांपुढे ठेवला. आईने तो कप उचलला आणि मोरीत ओतला. काका पाणी पिऊन उठले. नंतर मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले आणि विचारलं, "काका, कशाला येता तुम्ही? तुम्हालाही त्रास, तिलाही त्रास."

ते म्हणाले, "बाहेर मीच नेऊन सोडलं ना त्यांना. मी उतरलो, ती पोरं नाही उतरली."

काका, तुम्ही वाट चुकला नव्हतात. तुम्ही सोडलंत तिथपर्यंत पाणी खोल होतं आणि जहाज धड होतं. हे तुम्हाला कुणीतरी सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं, म्हणून चिटणिसांनी बोलायला सांगितल्यावर मी नाही म्हटलं नाही.

आता थोडंच राहिलंय. आई आज येणार नव्हती. दुपारी बघते तर स्वयंपाकघरात पातेलं घेऊन उभी. मला म्हणाली, "तो साखर किती घालायचा गं?" मी डबाच पुढे केला. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "आई, आज का?"

ती म्हणाली, "उद्यापासून ते कामावर नाहीत. आता जहाज आलं तरी आत आणायला ते नसणार. मग त्यांना कशाला अडकवून ठेवायचं?"

ती पहिल्या रांगेत बसली आहे. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला थर्मास आहे, तो तिने मला धरू दिला नाही.

अध्यक्षसाहेबांनी मला एवढा वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते पोटात घालावं. चहात साखर मात्र मुद्दाम जास्त घातली आहे, तिची माफी मागत नाही.

आई, ये वर. हळू, पायरी आहे.

आणि काका, आज "झालाय" म्हणू नका.